ऑटो शॉट व आंच सोसणारी कांच

कंदिलाची तापलेली कांच आणि पाण्याचा थेंब यांचें वैर आमच्या वाचकांपैकीं वडीलधाऱ्यांस तरी चांगलें ठाऊक असेल. वैजापूर तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर वीज येण्यापूर्वीं तिन्हीसांजेच्या आधीं कंदिलाच्या कांचा राखेनें पुसून ठेवणें हें बहुधा घरांतील मुलांचें काम असे. पुसलेली कांच ओलसर राहिली, अथवा पेटलेल्या कंदिलावर पागोळीचा एखादा शिंतोडा उडाला, कीं तडकन् आवाज होऊन वरपासून खालपर्यंत चीर जाई. मग पुढच्या आठवडे बाजारापर्यंत कागदाचें ठिगळ लावून वेळ निभवावी लागे. एवढ्याशा थेंबानें धडधाकट कांच कां फुटावी, हा प्रश्न बहुतेकांनीं दैवावर सोंपविला. ज्या जर्मन गृहस्थानें तो दैवावर न सोंपवितां त्यासाठीं आपलें आयुष्य वेंचलें, त्याचें चरित्र यंदा विद्यार्थ्यांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे. शाळेच्या प्रयोगशाळेंतील चंचुपात्र व परीक्षानळी, सूक्ष्मदर्शकाचें भिंग, तापमापकाची नळी, आणि आतां पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत आलेलें भट्टीचें कांचेचें दार, या सर्वांशीं त्या नांवाचा संबंध आहे. पालकांनींही हें वाचावें अशी आमची इच्छा आहे. त्याचें कारण पुढें ओघानें येईल.

ऑटो शॉट यांचा जन्म १७ डिसेंबर १८५१ रोजीं जर्मनींतील वेस्टफालिया प्रांतांत, रूर नदीच्या कांठीं वसलेल्या विटेन या गांवीं झाला. घराणें कांच करणारांचें. पूर्वज लोरेन प्रांताकडील. वडील सायमन शॉट यांची विटेन येथील खिडक्यांच्या कांचांच्या कारखान्यांत भागी होती. त्या काळीं खिडकीची साधी कांच फुंकून करीत, हें ऐकून आमच्या बालवाचकांस नवल वाटेल. कारागीर लांब लोखंडी नळीच्या टोंकास वितळलेल्या कांचेचा गोळा घेई, तो फुंकीत व हेलकावे देत त्याचा हातभर लांबीचा पोकळ दंडगोल बनवी. मग त्याचीं दोन्हीं टोंकें कापून टाकीत, तो उभा चिरीत, आणि पुन्हां तापवून गुंडाळलेली चटई उलगडावी तसा सपाट करीत. या कामास फुप्फुसांत दम, मनगटांत ताकद व डोळ्यांत पारख लागे. इतकें करूनही दहा तावदानांतून चारदोन सदोष निघत. वाळू तीच, सोडा तोच, चुना तोच. तरी एका दिवशींची कांच स्फटिकासारखी, तर दुसऱ्या दिवशींची डाग पडलेली. असें कां होतें, हें जुन्या कारागिरांस विचारलें असतां ज्याचा त्याचा तर्क निराळा येई.

मुलानें वडिलांच्या धंद्यांत पडावयाचें, परंतु तर्कावर विसंबून नव्हे, अशा बेतानें ऑटो यांचें शिक्षण झालें. आखेन येथें, नंतर वुर्झबुर्ग व लायप्झिग येथें त्यांनीं रसायनशास्त्राचा अभ्यास केला आणि १८७५ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, येना येथील विद्यापीठाची डॉक्टर ही पदवी मिळविली. त्यांच्या प्रबंधाचा विषय पाहण्यासारखा आहे. तरुण विद्वान बहुधा आकाशांतील अथवा पुराणकाळांतील कांहीं तरी विषय निवडतात; शॉट यांनीं निवडला तो बापाच्या कारखान्यांतील, म्हणजे खिडकीच्या कांचेंत दोष कां पडतात हा. आमच्या मतें त्यांच्या पुढील सर्व कार्याचें बीज येथेंच आहे. त्यांनीं उत्तम कांच करण्याची विद्या वाईट कांचेपासून शिकण्यास आरंभ केला.

हे दोष कोणते, तें थोडें विस्तारानें सांगितल्यावांचून पुढचा भाग समजणार नाहीं. पहिला दोष बुडबुड्यांचा. भट्टींत वाळू व क्षार वितळत असतां त्यांतून वायु सुटतात. ते पुरते बाहेर पडण्याइतकी आंच अथवा इतका वेळ मिळाला नाहीं, तर टांचणीच्या डोक्याएवढे पोकळ कण कांचेंत अडकून बसतात. दुसरा दोष खड्यांचा. न वितळलेला वाळूचा कण, किंवा भट्टीच्या विटेचा झिजून पडलेला कण, भातांतील खड्याप्रमाणें कांचेंत राहतो. याचें प्रसरण भोवतालच्या कांचेपेक्षां निराळें असल्यामुळें कांच तापतांच त्याच्याभोंवतीं ताण उत्पन्न होतो, व बहुधा तेथूनच चीर सुरू होते. तिसरा दोष दोऱ्यांचा. साखरेचा पाक पाण्यांत ओतला म्हणजे तो मिसळण्यापूर्वीं पाण्यांत ज्या लहरी लहरी दिसतात, तशाच लहरी नीट न ढवळलेल्या कांचेंत गोठून राहतात. खिडकींतून पाहतां रस्त्यावरचा माणूस वेडावांकडा दिसतो तो यामुळें. चौथा दोष डोळ्यांस दिसतच नाहीं, आणि आम्हांस तो सर्वांत कपटी वाटतो. कांच घाईनें निवली तर तिची कातडी आधीं घट्ट होते व पोट मागाहून आकसतें. या ओढाताणींत जो ताण राहतो तो महिनोन् महिने मुकाट्यानें आंत दबा धरून बसतो, आणि एखादे दिवशीं कोणी हातही लावला नसतां भांडें उभें चिरतें. यासाठीं कारखान्यांत कांच अगदीं सावकाश निवूं देतात. शॉट यांनीं पुढें भिंगांची कांच निवविण्यास कित्येक दिवस लावण्याची पद्धति घातली, ती याच ज्ञानावर.

पदवी घेऊन ते विटेनला परत आले. वडिलांच्या घराच्या तळघरांत त्यांनीं एक लहानशी भट्टी मांडली व तींत लहान लहान मुशी ठेवून ते निरनिराळे पदार्थ मिसळून पाहूं लागले. तोंपर्यंत जगांतील कांच मुख्यतः पांचसहा मूलद्रव्यांच्या आधारानें बनत आली होती: वाळूंतील सिलिकॉन, सोडा व पोटॅश यांतील धातु, चुन्यांतील कॅल्शियम, शिसें आणि प्राणवायु. इतर मूलद्रव्यें कांचेंत घातलीं तर तिचे गुण कसे बदलतात, याचा पद्धतशीर शोध फारसा कोणी केला नव्हता. १८७९ सालीं शॉट यांनीं लिथियम घातलेली कांच तयार केली, आणि तिचे तुकडे येना येथील प्राध्यापक एर्न्स्ट आबे यांजकडे तपासणीसाठीं धाडले. पत्राची तारीख २७ मे १८७९ अशी आहे. दोघांची ओळखदेख नव्हती.

आबे हे कार्ल झाइस यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्याचे शास्त्रीय आधारस्तंभ. सूक्ष्मदर्शक कसा असावा याचें गणित त्यांनीं पूर्ण केलें होतें. परंतु त्या गणितास पुरी पडेल अशी कांच जगांत मिळत नव्हती, ही त्यांची व्यथा होती. १८७६ सालीं लंडन येथें शास्त्रीय उपकरणांचें मोठें प्रदर्शन भरलें असतां तें पाहून त्यांनीं ही अडचण लेखांत स्पष्ट मांडली होती. भिंगांतून पाहतांना कडेस रंगाची झालर दिसते, ती पुरती काढावयाची तर नव्या गुणांची कांच पाहिजे. आणि कांच करणारे तर जुन्या चाकोरीबाहेर जाण्यास तयार नाहींत. अशा वेळीं एका अपरिचित तरुणानें आपण होऊन नवी कांच पाठविली. ती तपासली असतां हवा तो गुण तींत निघाला नाहीं. लिथियमचा प्रयोग फसला, असें सरळ म्हटलें पाहिजे. पण फसलेल्या तुकड्यामागें बसलेला मनुष्य कोणत्या जातीचा आहे, हें आबे यांनीं ओळखलें. पत्रव्यवहार वाढला. शॉट विटेनच्या तळघरांत कांच वितळवीत. आबे येनामध्यें ती मापीत. बोरॉन व फॉस्फरस घातलेल्या कांचांत आशा दिसूं लागली. १८८२ सालीं शॉट घरदार सोडून येनास आले आणि १८८४ सालीं आबे, कार्ल झाइस व त्यांचे पुत्र रोडेरिख झाइस यांच्यासह त्यांनीं कांचेची प्रयोगशाळा स्थापिली. पुढें तिचाच मोठा कारखाना झाला. शॉट तेव्हां बत्तीस वर्षांचे होते, आबे चव्वेचाळीस, आणि थोरले झाइस सदुसष्ट. आरंभींच्या प्रयोगांस प्रशियाच्या सरकारनेंही पैसा दिला.

१८८६ सालीं या कारखान्यानें भिंगांच्या कांचेची पहिली यादी छापली. तींत ४४ प्रकार होते, आणि त्यांपैकीं कित्येक जगांत प्रथमच होत होते. त्याच सुमारास या नव्या कांचा वापरून झाइस यांच्या कारखान्यानें रंगाची झालर जवळजवळ नाहींशी केलेले सूक्ष्मदर्शक बाजारांत आणले. रोगजंतूंचें शास्त्र त्या दशकांत झपाट्यानें वाढत होतें. त्यास हे नवे डोळे मिळाले.

दुसरें काम तापमापकाचें. जुन्या तापमापकांस एक खोड होती. एकदां उकळत्या पाण्यांत बुडवून काढलेला तापमापक लगेच बर्फांत ठेवला, तर पारा शून्याच्याही खालीं उतरे. पारा खोटें बोलत नव्हता. कांचेचा फुगा ताणला जाऊन पूर्ववत् होत नव्हता. सोडा व पोटॅश हे दोन्हीं क्षार एकाच कांचेंत असले म्हणजे ही खोड बळावते, असें बर्लिनच्या शास्त्रज्ञांच्या व शॉट यांच्या तपासांत दिसून आलें. मग एकच क्षार घेऊन शॉट यांनीं तापमापकासाठीं निराळी कांच केली, आणि ती ओळखूं यावी म्हणून नळींत जांभळ्या रंगाची एक बारीक रेघ ठेवली. जुन्या चांगल्या तापमापकावर ती रेघ आढळल्यास विद्यार्थ्यांनीं ध्यानांत घ्यावें.

आतां आपण कंदिलाकडे वळूं. ऑस्ट्रियन शास्त्रज्ञ आउअर यांनीं गॅसच्या दिव्यावर बसविण्याची जाळी शोधून काढली व १८९१ पासून ती जाळी सर्वत्र पसरली. आमच्याकडे लग्नाच्या वरातींत डोक्यावर घेऊन जात त्या बत्तीची जाळी हीच. तिचा प्रकाश पांढरा व प्रखर, पण उष्णताही तशीच. साध्या कांचेच्या चिमण्या पटापट तडकूं लागल्या. रस्त्यावरच्या दिव्यांवर पावसाचा थेंब पडला कीं संपलें. विटेनच्या तळघरांतील जुना प्रश्न पुन्हां दारांत येऊन उभा राहिला.

कांच उष्णतेनें कां फुटते? ती फार तापते म्हणून नव्हे, तर सर्व ठिकाणीं सारखी तापत नाहीं म्हणून. तांब्याची पळी एका टोंकास तापविली तर दुसरें टोंक लौकर हातास चटका देतें. कांच तशी नाहीं, तिच्यांतून उष्णता फार मंद वाहते. तापलेल्या कांचेवर थेंब पडला म्हणजे तेवढी कातडी एकदम थंड होऊन आकसूं पाहते, पण खालचा गरम भाग तिला आकसूं देत नाहीं. कातडी ताणली जाते. कांचेस दाब कितीही सोसतो, ताण सोसत नाहीं; आणि जेथें आधींच ओरखडा अथवा टवका असेल तेथून ती उकलते. म्हणून उपाय दोनच. एक तर कांच तापल्यानें फुगूंच नये. अथवा तिची कातडी आधींपासून इतकी दाबून ठेवावी कीं येणारा ताण त्या दाबांत जिरून जावा.

शॉट यांनीं दोन्हीं उपाय केले. १८९१ च्या सुमारास त्यांनीं जोडकांच तयार केली. दोन थर, एकाचें प्रसरण कमी, दुसऱ्याचें अधिक. निवतांना अधिक आकसणारा थर दुसऱ्यास आवळून धरतो. आमचा लोहार बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवितो व वर पाणी ओततो. धाव आकसून लाकडास असें कवटाळते कीं चाक खिळखिळें होत नाहीं. जोडकांचेंतील तत्त्व तेंच. अशा कांचेच्या नळ्या आगगाडीच्या इंजिनांतील पाण्याची पातळी दाखविण्यास उपयोगी पडल्या. ती नळी फुटली तर उकळतें पाणी व वाफ इंजिनवाल्याच्या तोंडावर येई. रोटेगांवच्या स्थानकावर वाफेचीं इंजिनें पाहिलेल्या वृद्धांस बॉयलरच्या तोंडाशीं असलेली ती उभी नळी कदाचित् आठवत असेल.

दुसरा उपाय अधिक सोपा व अधिक टिकाऊ ठरला. सोनार डाग देतांना जो टाकणखार वापरतात, त्यांतील बोरॉन हें द्रव्य वाळूबरोबर योग्य प्रमाणांत वितळविलें तर होणारी कांच फारच कमी फुगते, असें शॉट यांनीं सिद्ध केलें. आज या जातीच्या कांचेंत शंभर भागांत सुमारें ८० भाग वाळूचे व १३ भाग बोरॉनच्या ऑक्साइडचे असतात; चुना जवळजवळ नसतो. एक मीटर लांबीची साध्या कांचेची पट्टी १०० अंशांनीं तापविली तर ती सुमारें ०·९ मिलिमीटर वाढते. या कांचेची पट्टी ०·३३ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. १८९४ च्या सुमारास या कांचेच्या चिमण्या येनाहून बाहेर पडूं लागल्या आणि थोड्याच वर्षांत त्या लाखांनीं खपूं लागल्या. भिंगांनीं शॉट यांस कीर्ति दिली, पण कारखान्यास पोट भरण्यास चिमणीनें दिलें, हें आम्हांस मोठें गमतीचें वाटतें.

या चिमणीचे नातलग महाराष्ट्रांतही झाले. स्वदेशीच्या चळवळींत अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर एक एक पैसा मागून पैसाफंड उभा केला. लोकमान्य टिळकांनीं त्यास पाठबळ दिलें, आणि १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें त्या फंडाचा कांच कारखाना सुरू झाला. जपान व अमेरिका येथें शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तेथें आरंभींचें काम पाहिलें. पुढें १९१६ सालीं ओगले बंधूंचा कारखाना निघाला. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीस नांव मिळालें तें त्याच घराण्यावरून, आणि त्यांचा प्रभाकर कंदील मराठी घरांत नांदला. आज हे दोन्हीं कारखाने इतिहासांत जमा झाले आहेत. टाकणखाराच्या कांचेचा मोठा कारखाना आपल्या प्रांतांत बोरोसिल या नांवानें मुंबईस १९६२ सालीं अमेरिकन कॉर्निंग कंपनीच्या सहकार्यानें स्थापन झाला. त्याचें नांवच त्या कांचेच्या नांवावरून पडलें आहे.

येथें चरित्राचा धागा थोडा वेळ सोडून पालकांशीं दोन शब्द बोलतों. आज आपल्या घरीं आंच सोसणारी म्हणून येणारी कांच तीन जातींची असते, आणि तिन्हींस एकच समजणें धोक्याचें आहे. पहिली जात साध्या कांचेस तापवून, वर थंड वाऱ्याचे झोत सोडून कडक केलेली. गॅसच्या शेगडीचें कांचेचें पृष्ठ व पुष्कळ भट्ट्यांचीं दारें हिचीं असतात. जोडकांचेचें तत्त्व येथें एकाच थरांत साधलेलें असतें: कातडी दाबांत, पोट ताणांत. ही सुमारें २५० अंशांपर्यंतच विश्वासाची. दुसरी जात टाकणखाराची. ती सुमारें ४५० अंश सोसते. तिसरी जात शॉट यांच्या मृत्यूनंतरची. १९५३ सालीं अमेरिकेंतील कॉर्निंग कंपनीचे शास्त्रज्ञ स्टूकी यांची भट्टी चुकून ६०० च्या ऐवजीं ९०० अंशांपर्यंत तापली. आंतील कांच वितळून गेली असेल असें समजून ते पाहतात तों ती अपारदर्शक व घट्ट झालेली, आणि चिमट्यांतून निसटून फरशीवर पडली तरी फुटली नाहीं. तिच्यांत असंख्य सूक्ष्म स्फटिक झाले होते. या वर्गांतील कांही कांचा तापविल्यानें जवळजवळ फुगतच नाहींत. त्या सुमारें ७०० अंश सोसतात, व पारदर्शकही करतां येतात. थंड देशांत लांकडें जाळण्याच्या लोखंडी शेगड्यांस जें कांचेचें दार असतें, तें याच कांचेचें पाहिजे. अशा दारांत कोणी स्वस्ताईसाठीं खिडकीचें तावदान कापून बसविलें, तर तें प्रथम पेटवितांच फुटण्याचा संभव आहे. कडक केलेली कांचही तेथें चालणार नाहीं.

दार विकत घेतांना किंवा जुनें तपासतांना कांच थंड असावी. ती स्वच्छ पुसून उजेडासमोर तिरपी धरावी व हळू हळू फिरवावी. सरळ पाहिल्यानें न दिसणारा ओरखडा तिरप्या उजेडांत चमकतो. मधल्या भागापेक्षां कडा व कोपरे अधिक लक्ष देऊन पाहावे. बोट न फिरवितां जाड फडकें फिरवावें. जेथें धागा अडकेल तेथें टवका उडालेला समजावा. मडकें टिचकी मारून घेण्याची आपली चाल उत्तम आहे, परंतु चौकटींत बसविलेल्या कांचेस ती लागू नाहीं. चौकट आवाज गिळून टाकते. कडेस टवका असलेली कांच कितीही सुंदर असली तरी परत करावी. चौकटीचे स्क्रू फार आवळलेले नसावेत, कारण तापल्यावर लोखंड कांचेपेक्षां अधिक हलतें व जागा न मिळाल्यास कोपरा दाबून तोडतें. दाराच्या कडेची दोरीची गादी झिजून कडक झाली असेल तर ती बदलावी. तिच्यावांचून कांच लोखंडावर घांसते.

वापरतांना दार आपटूं नये, लांकूड कांचेस टेकेल असें रचूं नये. गरम कांचेवर ओलें फडकें कदापि फिरवूं नये. कंदिलाच्या थेंबाची गोष्ट सर्वांस ठाऊक आहेच. काजळी धरली असेल तर कांच पुरती निवल्यावर ओलसर कागदावर थोडी मऊ चाळलेली राख घेऊन पुसावी. वाळूनें अथवा तारेच्या घांसणीनें घांसल्यास काजळीबरोबर कांचेचें आयुष्यही जातें. गॅसच्या शेगडीवर पृष्ठाबाहेर लोंबणारी मोठी परात अथवा फार रुंद तवा ठेवूं नये, कारण त्याखालीं उष्णता कोंडून कांचेवर उतरते. कडक केलेली कांच फुटते ती चीर पडून नव्हे; सबंध पत्र्याचे एकदम चुरमुऱ्याएवढे तुकडे होतात. ते फारसे धारदार नसतात हें खरें, पण चुलीपुढें बसलेल्या लेंकराचा डोळा त्यांतही सुरक्षित नाहीं. म्हणून टवका दिसला कीं त्या दिवशींच शेगडी बंद ठेवावी. पुढच्या महिन्याच्या पगारावर हें काम ढकलूं नये.

विद्यार्थ्यांस मात्र एक मौज सांगतों. संगणकाच्या सपाट पडद्याचा उजेड बहुधा एकाच दिशेनें कंप पावणारा असतो. पडदा पांढरा ठेवून त्यापुढें कडक केलेली कांच धरावी, व ध्रुवण करणाऱ्या चष्म्यांतून चष्मा फिरवीत पाहावें; कांचेंत रंगाचे अथवा काळेपांढरे पट्टे दिसतील. तोच तो आंत दडलेला दाब व ताण. येनाच्या कारखान्यांत भिंगांची कांच नीट निवली आहे कीं नाहीं, हें अशाच ध्रुवित उजेडांत तपाशीत.

आतां पुनः येनाकडे. आबे यांचा स्वभाव असा होता कीं कारखान्याचा नफा मालकांच्या वारसांनीं खावा हें त्यांस मान्य नव्हतें. थोरले झाइस १८८८ सालीं वारल्यावर त्यांच्या नांवानें आबे यांनीं १८८९ सालीं एक प्रतिष्ठान स्थापिलें आणि आपला वांटा त्यास देऊन टाकला. कामगारांस निवृत्तिवेतन, पगारी रजा, आणि १९०० सालापासून आठ तासांचा दिवस, या गोष्टी येनांत झाल्या तेव्हां बहुतेक युरोपांत दहा व अधिक तास राबवीत. भट्टीपुढचें काम ज्यानें पाहिलें आहे त्यास या दोन तासांची किंमत कळेल. १९०५ सालीं आबे वारले. शॉट यांनींही १९१९ सालीं आपला वांटा त्या प्रतिष्ठानास दिला. ज्या कारखान्याची प्रत्येक मूस त्यांनीं स्वतः पारखली, तो त्या दिवसापासून त्यांचा राहिला नाहीं; ते तेथें काम मात्र करीत राहिले.

या चरित्राची दुसरी बाजूही झांकूं नये. १९१४ सालीं महायुद्ध पेटलें तेव्हां येनाची भिंगें दुर्बिणींत व तोफांच्या नेमयंत्रांत बसलीं. इंग्लंड व अमेरिका यांस येनाची कांच मिळेनाशी झाल्यावर तेथें एकच तारांबळ उडाली, आणि दोन्हीं देशांनीं घाईघाईनें आपापली भिंगाची कांच करण्यास प्रारंभ केला. दिवा फुटूं नये म्हणून झटलेल्या मनुष्याची विद्या माणसें मारण्याच्या कामीं लागावी, याचें आम्हांस वाईट वाटतें. पण तें घडलें आहे. त्याच सुमारास अमेरिकेंत एक निरुपद्रवी गोष्टही घडली. कॉर्निंग कंपनींतील लिटलटन नांवाच्या शास्त्रज्ञांच्या पत्नीचें भट्टींतील मातीचें भांडें तडकलें. त्यांनीं नवऱ्याकडे कांही चांगलें भांडें मागितलें. नवऱ्यानें कारखान्यांतील टाकणखाराच्या कांचेच्या बरणीचें कापलेलें बूड आणून दिलें, आणि बाईंनीं तींत १९१३ सालीं केक भाजून दाखविला. १९१५ पासून पायरेक्स नांवाचीं भांडीं विक्रीस आलीं. येनाची चिमणी अशी स्वयंपाकघरांत शिरली, आणि तिला तेथें नेणारी एक गृहिणी होती, हें आमच्या वाचक भगिनींनीं विसरूं नये.

शॉट १९२७ च्या सुमारास कारभारांतून निवृत्त झाले. त्यांचे पुत्र एरिख यांनीं तो हातीं घेतला. वडिलांच्या तळघरांत लहानशा मुशी वितळविणारा मुलगा आतां पंचाहत्तरीचा झाला होता. २७ ऑगस्ट १९३५ रोजीं, त्र्याऐंशीव्या वर्षीं, येनामध्येंच त्यांचें देहावसान झालें.

दहा वर्षांनीं दुसऱ्या महायुद्धांत जर्मनीचा पाडाव झाला. येना रशियाच्या ताब्यांत जाणार असें ठरल्यावर, तेथून निघण्यापूर्वीं अमेरिकन सैन्यानें कारखान्यांतील ४१ निवडक मंडळी एरिख शॉट यांसह मालमोटारींत घालून पश्चिमेकडे नेली. भट्ट्या मागें राहिल्या. मुशींचीं मापें व कांचेचीं प्रमाणें मात्र या मंडळींच्या डोक्यांत होतीं. कांहीं वर्षें भटकंतींत गेलीं, आणि १९५२ सालीं ऱ्हाईन नदीच्या कांठीं माइन्झ येथें त्यांनीं नवी भट्टी पेटविली. पुढें जर्मनीचे दोन भाग एक झाले, आणि येनाचा जुना कारखानाही पुन्हां त्याच संस्थेकडे आला. लांकडाच्या शेगडीच्या दारास लागणारी न फुगणारी पारदर्शक कांच आज शॉट यांच्या नांवाच्या या संस्थेंतूनही बाहेर पडते.